एकटा पडेल त्याला घरी न्यायचं

लोक प्रवासवर्णन लिहितात ते काश्मीरचं, केरळचं, गेला बाजार गणपतीपुळ्याचं तरी. मी यंदाच्या थंडीत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला जाऊन आलो. हसू नका. कराडात ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, "तिथं कोण आहे तुमचं?" कोणी नाही. कराडात तरी कोण आहे?

माझं चष्म्याचं दुकान होतं, ते भाच्याच्या हवाली केलं. सकाळी तासभर जाऊन बसतो आणि त्याला नको असलेले सल्ले देतो. बायको बंगळुरात मुलीकडे, नातीला सांभाळायला. सहा महिन्यांत येते म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. भांडण वगैरे काही नाही, उगाच तर्क लढवू नका. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "जेवलात का?" असं ती विचारते, तेवढ्यात नात मागे काहीतरी पाडते आणि फोन बंद होतो. मग डबा उघडायचा, टीव्ही लावायचा आणि टीव्हीशी भांडत जेवायचं.

पूर्वी हे भांडण बायकोशी व्हायचं. पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की त्यातले सगळे चित्रपट आम्ही मिळतील तिथे जाऊन बघायचो आणि घरी येऊन तावातावाने वाद घालायचो. माझी एक कसोटी आहे, ती ऐकून ती कपाळाला हात लावते. चित्रपटातली माणसं जेवतात का, ते मी बघतो. रडोत, मरोत, प्रेमात पडोत, माझी हरकत नाही. पण दोन तासांत एकालाही भूक लागली नाही, तर ती माणसं खोटी.

मे महिन्यात दुकानात सुलभाताई आल्या होत्या. माहेर कराडचं, सासर अंबरनाथचं, तिथल्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या चष्म्याची काडी बदलता बदलता मी एका गाजलेल्या चित्रपटाला मनसोक्त शिव्या घातल्या, तर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आमच्या मंडळात शोभाल!" तिन्ही गावांचं मिळून त्यांचं एक चित्रपट मंडळ आहे. नामांकनं आली की पाच दिवस, रोज दुपारी एक चित्रपट, कधी या गावात, कधी त्या. नंतर चहा आणि मतदान. "पाहुण्यालाही मत असतं," त्या म्हणाल्या, "आणि उतरायचं आमच्याकडेच." मी लगेच सांगून टाकलं, की राहायचं-जेवायचं माझं मी बघेन, दुसऱ्याच्या घरी मला ओशाळल्यासारखं होतं. हे माझं वाक्य लक्षात ठेवा, ते मला पुढे चांगलंच भोवलं.

चित्रपटांची नावं मी देणार नाही. नाव दिलं की वाचणारा त्यातल्या नटाबद्दल बोलायला लागतो आणि माझं म्हणणं राहून जातं.

अंबरनाथ

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरलो. खिडकीतून एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत दिसायची, दुसरं काही नाही. सकाळी चालत शिवमंदिरात गेलो. काळ्या दगडात किती माणसं कोरलीत! नाचताहेत, लढताहेत, कुणी केस विंचरतंय. सगळी भिंत फिरलो, पण जेवणारं एकही सापडलं नाही. पुजाऱ्याला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "आत प्रसाद आहे, घ्या की." मला ते उत्तर फार आवडलं.

दुपारी शाळेच्या सभागृहात पहिला चित्रपट होता. स्वेटर घातलेले कारखान्यातले निवृत्त साहेब, थर्मास घेऊन आलेल्या बायका, कॉलेजातली चार टाळकी. सुलभाताईंनी माझी ओळख 'आमचे कराडचे पाहुणे' अशी करून दिली आणि दिवे गेले.

मिठागरावर एकटी राबणारी विधवा. प्रसंग देखणे, पांढरं मीठ, निळं आकाश, वाराच वारा. संवाद मोजकेच. पण दिग्दर्शकाचं मिठावर जेवढं प्रेम होतं तेवढं त्या बाईवर नव्हतं. दोन तास ती मीठ ओढते आणि एकदाही काही खात नाही. अहो, मिठात राबणारी बाई आहे, भाकरीवर चिमूटभर मीठ तरी घालून दाखवा!

या मंडळाची रीत अशी, की चहा होईपर्यंत चित्रपटाबद्दल ब्र काढायचा नाही. आमच्याकडे लोक मध्यंतरातच निकाल लावून मोकळे होतात. चहा झाला, सुलभाताई उभ्या राहिल्या. "आवडला त्यांनी हात वर करा." हातांचं रानच उगवलं. "नाही आवडला?" मी ऐटीत हात वर केला. पुढच्या रांगेतही एक हात वर होता. लोकरीची टोपी, जाड काळा चष्मा, डावी काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्या धंद्यामुळे मला माणसाआधी चष्मा दिसतो. त्या म्हाताऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जोडीदार मिळाला म्हणून खूश होईल. पण त्याचा चेहरा पडला होता.

सभागृहात लोक एकमेकांकडे बघायला लागले. "बरं... आज दोघं आहेत," सुलभाताई म्हणाल्या आणि चर्चा सुरू केली. मी मीठ-भाकरीवर जोरदार बोललो, लोक हसलेही. म्हातारा मात्र चर्चा संपायच्या आत टोपी सारखी करून निघून गेला.

रात्रीचं जेवण लॉजशेजारच्या हॉटेलात. चौघांच्या टेबलावर मी एकटा बसलो होतो. वेटर एका कुटुंबाला घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही एकटेच ना? जरा तिकडं सरकता?" सरकलो. भिंतीकडे तोंड करून थाळी संपवली.

उल्हासनगर

दुसरा आणि तिसरा चित्रपट उल्हासनगरात, एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर होते. या गावाचे भाग नंबरांनी ओळखतात, एक नंबर कॅम्प, दोन नंबर कॅम्प असे पाचापर्यंत. मला चारला जायचं होतं, रिक्षावाल्याने पाचला सोडलं. सोफे आणि कपाटांच्या दुकानांतून मी अर्धा तास फिरत राहिलो. शेवटी एका दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, सोफा पाहिजे का?" मी म्हटलं, रस्ता पाहिजे. "अहो, ये तो पाच नंबर है! चार तर मागे राहिला. पहिले बसा, पाणी प्या." नव्या कोऱ्या सोफ्यावर बसवून मला पाणी पाजलं. तिथेच कोपऱ्यावर गाडीवर दाल-पकवान खाल्लं. आमचे सकाळचे पोहे बिचारे मुकाट पोटात जातात. हा कडक पुरीसारखा पकवान दाताखाली असा वाजतो, की शेजारच्याला कळावं हा माणूस खातोय.

दुसरा चित्रपट कोर्टाचा होता. पूर येतोय हे पाहून शाळेच्या शिपायाने सुटीची घंटा लवकर दिली, पोरं वाचली, पण शिपायाची नोकरी गेली, म्हणून खटला. विषय सोन्यासारखा. पण पात्रं बोलायला लागली की वक्तृत्वस्पर्धा! आणि वकिलाचा डबा पहिल्या प्रसंगापासून टेबलावर होता. मी डोळे लावून बसलो. शेवटपर्यंत कोणी तो उघडला नाही. निकाल शिपायाच्या बाजूने लागला, टाळ्या पडल्या, आणि भाजी आंबली असेल याचं कुणाला काही नाही.

"नाही आवडला?" मी हात वर केला. पुढच्या रांगेत तोच हात. पुन्हा दोघं. या वेळी म्हातारा माझ्याकडे चालतच आला.

"कुठून आलात, साईं?"

"कराडहून."

"किती दिवस आहात?"

"पाचही दिवस आहे की!"

"पाचही," ते म्हणाले. मग कठडा धरून सावकाश जिना उतरून गेले. मी मनात म्हटलं, काय विक्षिप्त माणूस आहे. आपल्याच बाजूच्याशी कुणी असं वागतं?

तिसऱ्या दिवशीचा चित्रपट मात्र मला मनापासून आवडला. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडची गोष्ट, विनोदी. सकाळपासून वाजवणाऱ्या या माणसांना जेवायला कोणी विचारत नाही. वऱ्हाड जेवतं, वरमाई रुसते, कुत्रीसुद्धा जेवतात, हे आपले वाजवताहेत. शेवटी टेम्पोच्या मागे उभ्याने गार झालेली पुरी आणि जिलेबी खातात, आणि क्लॅरिनेटवाला म्हणतो, "जिलेबी बरी आहे." एवढंच. मला हसताना भरून आलं. बायको शेजारी असती तर कोपर मारून म्हणाली असती, आता खूश?

मी आवडल्याचा हात वर केला. "नाही आवडला?" सबंध हॉलमध्ये एकच हात वर, लोकरीच्या टोपीवाल्याचा. आणि काय सांगू, हॉलमध्ये एकदम दिवाळीच! "दादा एकटे पडले! दादा एकटे पडले!" लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांचाच सत्कार आहे.

मग सुलभाताईंनी मला नियम सांगितला. पूर्वी एका चित्रपटावरून मंडळात इतकं हमरीतुमरीवर आलं, की एक सभासद रागाने उठून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. तेव्हापासून ठरलं, की मतात जो एकटा पडेल त्याला त्या संध्याकाळी एकटं घरी जाऊ द्यायचं नाही. ज्याने त्याच्याविरुद्ध सगळ्यात जास्त तोंड चालवलं, त्यानेच त्याला घरी नेऊन जेवू घालायचं.

"आणि दोघं असले तर?" मी विचारलं.

"दोघं असले तर एकटे कुठले? एकमेकांना आहेतच की," त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, नजर चुकवून कप गोळा करायला लागल्या.

त्या दिवशी सगळ्यात जास्त कौतुक त्यांनीच केलं होतं, तेव्हा दादा त्यांच्याकडे निघाले. दादांनी माझा दंड धरला. "यांना पण घ्या. आज यांनी चांगलं काम केलं."

दादा सिंधी, नाव टेकचंद, पण सगळे टेकूदादा म्हणतात. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांना चेन आणि बटणं पुरवायचं त्यांचं दुकान होतं. बायको वारली, मुलगा दुबईत. हे सगळं त्यांनीच जेवता जेवता सांगितलं, वालाच्या बिरड्याच्या तिसऱ्या वाटीबरोबर. काय जेवत होते! घाईघाईने नाही, चवीने, प्रत्येक घासाला थांबून. मधूनच आठवल्यासारखं म्हणायचे, "पिक्चर मात्र बेकार हां ताई. क्या वो बाजा, डोकं उठलं माझं." आणि सुलभाताई खोटं खोटं चिडायच्या.

दादा हात धुवायला गेले तसं त्यांनी मला गॅलरीत नेलं. "तुम्हाला सांगू की नको, असं चाललं होतं माझं. दादा कित्येक वर्षं प्रत्येक चित्रपटाला विरोधात हात वर करतात. आवडला तरी. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. वर्षभर एकटेच जेवतात हो ते. हे पाच दिवस पाच घरं."

 त्या पाचांतले दोन मी खाल्ले होते.

"मग एरवी का नाही बोलावत त्यांना जेवायला?"

"बोलावून बघितलं की! 'फुकट जेवायला मी काय भिकारी आहे?' म्हणतात. नियमाने न्यायचं म्हटलं की येतात." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाही बोलावलंच होतं मी, मे महिन्यात."

 लाज वाटली, दादांची नाही, माझी.

बदलापूर

चौथा चित्रपट बदलापुरात, नव्या वसाहतीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये. पैलवानाचं चरित्र. हा नट खातो, भरपूर खातो. बदाम, दूध, अंडी, सगळं एका गाण्यात ढोल वाजवत. म्हणजे माझ्या कसोटीला उतरला, आणि तरीही इतका वाईट, की कसोटीच बदलावी असं वाटायला लागलं. मी कराडचा आहे, कुस्ती बघत वाढलोय. पाठ टेकायला इतका वेळ लागत नाही हो! हा पडतोय, पडतोय, आई आठवतेय, गुरू आठवताहेत, तिरंगा दिसतोय, अजून पडतोच आहे.

पण मी ठरवून आलो होतो. "आवडला?" मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा चित्रपटाच्या बाबतीत खोटं बोललो. दादा एकटे पडले, टाळ्या वाजल्या, एका निवृत्त कारखाना-अधिकाऱ्यांच्या बायकोने त्यांना गाडीत बसवलं. जाताना दादांनी काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, मंडळातले लोक आपापल्या घरी गेले, आणि मी त्या उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर उभा राहिलो. सगळ्या खिडक्यांतून फोडण्यांचे वास येत होते. बायकोचा फोन आला. "जेवलात का?" मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. मला घर पाहिजे होतं, वास येणारं, आणि कुणीतरी म्हणणारं की तुमचं चुकतंय. इतकं एकटं मला कराडातही कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी रिक्षा करून बारवी धरणाकडे गेलो. दुपारच्या चित्रपटात धरणाखाली गेलेलं गाव आहे असं कळलं होतं, म्हटलं आधी खरं धरण बघून घ्यावं. शेतात भाताची कापून राहिलेली खुंटं, पलीकडे सागाचं रान, आणि मधेच पाणी, शांत, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. रस्त्याकडेला एक म्हातारी वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. बोलता बोलता तिने पाण्याकडे बोट केलं. "माज्या आयशीचा घर व्हता तिकडं. आता पान्याखाली हाय."

"दिसतं का कधी?"

"उन्हाल्यात पानी खाली गेला का जोता दिसतो."

"मग बघायला जाता?"

"बघाया कशाला? म्हशी चाराया जातो. चारा बेस असतो तिकडं." आणि मला शेंगा घेता का म्हणून विचारलं. लॉजवर शेंगांचं मी काय करणार, तरी घेतल्या.

दुपारी बदलापूर गावात, देवळाशेजारच्या सभामंडपात पाचवा चित्रपट. जुनं गाव, अरुंद गल्ल्या, ओट्यांवर बसलेली माणसं. नव्या इमारतींचा इथे पत्ता नाही. चित्रपटात धरणाखाली गेलेल्या गावातली माणसं उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर एकत्र येतात. कुणी उंबऱ्याला हात लावतं, कुणी तुळशीवृंदावनाशी बसतं, आणि सगळी रडतात. सावकाश रडतात. मागे व्हायोलिन. एक रडून झाला की कॅमेरा दुसऱ्याकडे. चूल सापडते तर चुलीला मिठी मारतात, पण ती पेटवून चहा करावा असं एकाच्या डोक्यात येत नाही! सकाळची म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. असा राग आला मला, की सांगता सोय नाही.

चहा झाला. "आवडला?" मी हात वर केला, दात आवळून. आणि पुन्हा खोटं बोलायचं तर पुरतंच बोलावं म्हणून उठून भाषण ठोकलं. काय ती संवेदना, काय ते व्हायोलिन, वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणजे हाच! लोक बघतच राहिले.

"नाही आवडला?" दादा खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला, टोपीने डोळे पुसले, आणि हात वर केला. खांद्याच्याही वर गेला नाही तो हात.

"दादा एकटे पडले!" टाळ्या. मग सगळ्यांच्या लक्षात घोटाळा आला. सगळ्यात जास्त तोंड मी चालवलं होतं. नियमाने दादांना घरी मी न्यायला हवं, आणि माझं घर कराडला. सुलभाताई म्हणाल्या, "यांच्या वतीने मी नेते." पण दादा उठले. "नाही ताई. नियम म्हणजे नियम. यांचं घर इथे नाही, तर माझं आहे ना?"

 इतक्या वर्षांत मंडळातलं कोणी दादांच्या घरी गेलं नव्हतं. सगळे त्यांना न्यायचे, पण आणायला-पोहोचवायला जायचे ते जिन्यापर्यंतच.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार उघडून म्हणाले, "अचो, अचो," म्हणजे या, या. जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या, त्यातल्या तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. एक गठ्ठा त्यांनी उचलून खाली ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात. दादांनी पाणी आणि भाजलेला पापड दिला. सिंध्यांत तशी रीतच आहे. मग त्यांनी कांदा-मिरची घालून जाड कोकी लाटली, तव्यावर तूप सोडून भाजायला घेतली. मी वालाच्या शेंगा सोलायला बसलो. खिशात छोटा पेचकस असतोच माझ्या, सवयीने. त्यांच्या चष्म्याचा दोरा काढून काडी बसवून दिली. कोकी, दही, आणि कढईत परतलेले वाल. बसलो.

पहिला घास घेतल्यावर दादांनी विचारलं, "आता खरं बोल, साईं. पिक्चर कसा वाटला?"

"भिकार," मी म्हणालो.

"मला माहीत होतं!" दादा इतके हसले की ठसका लागला. "भाषण देत होतास आणि तोंड बघ, कारलं खाल्ल्यासारखं!"

"आणि तुम्हाला?"

हसू थांबलं. त्यांनी कोकीचा तुकडा मोडला, तसाच ताटात ठेवला. "मला आवडला. इतक्या वर्षांत असा पिक्चर बघितला नव्हता."

"अहो, मग हात विरोधात का केलात?"

"शेवटचा दिवस होता ना. 'आवडला'ला हात उठवला असता, तर जेवायला एकटा बसलो असतो. पुढच्या वर्षापर्यंत." ते ताटाकडे बघत म्हणाले, "आज बहुत बुरा लगा साईं. पोटासाठी बोललो तोवर ठीक होतं. आज माझ्या बापाच्या विरुद्ध बोलल्यासारखं वाटलं."

मला काय बोलावं सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी वाद घालतो. मी त्यांना बारवीच्या म्हातारीचं सांगितलं. म्हटलं, दादा, खरी माणसं अशी व्हायोलिनवर रडत नाहीत. तिच्या आईचं घर पाण्याखाली आहे, आणि ती तिथं म्हशी चारायला जाते. हा चित्रपट खोटा आहे.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला जाता येतं, म्हणून ती रडत नाही. माझ्या वडिलांचं घर पाण्यात नाही, सुक्या जमिनीवर उभं आहे. सिंधमध्ये. त्यांनी मला दार कुठे, हौद कुठे, निंबाचं झाड कुठे, सगळं सांगितलं होतं. मी गेलो नाही कधी, जाऊ शकत नाही. तिचं उन्हाळ्यात तरी दिसतं."

  पण इतक्या सहजी हरलो तर मी मी कसला?

"व्हायोलिन जास्त आहे, एवढं तरी मान्य करा."

दादांनी थोडा विचार केला. "व्हायोलिन जास्त आहे," त्यांनी मान्य केलं. "पण म्हणून भिकार?"

आणि आम्ही भांडायला लागलो. काय भांडलो! बाकीचे चारही उकरून काढले. मिठागराचा त्यांनाही रटाळच वाटला होता. बँडवाल्यांचा इतका आवडला होता, की विरोधात हात वर करताना हसू दाबावं लागलं होतं. कोर्टाच्या चित्रपटातला तो डबा त्यांनीही पाहिला होता! "मी पण म्हणत होतो, अरे खोल ना यार!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. तीन वर्षांत मी कुणाशी इतकं बोललो नव्हतो, आणि इतकं जेवलोही नव्हतो. निघताना त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, "पोटभर झालं ना?" मी मान हलवली. 

कराड

परत येऊन आता काही आठवडे झाले. भाच्याने दुकानात नवे दिवे लावलेत, मला न विचारता. डबा येतो. लोक विचारतात, काय पाहिलं तिकडे? मी सांगतो, देऊळ पाहिलं, धरण पाहिलं, दाल-पकवान खाऊन बघा. बाकीचं सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

परवा संध्याकाळी पुरस्कार जाहीर झाले. मी ताट वाढून टीव्हीपुढे बसलो होतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट, धरणाचा! व्हायोलिनसकट! मी घास खाली ठेवला. बायकोला फोन लावला, तर म्हणाली, "जेवलात का? अहो, हिला ताप आहे, नंतर करते." तिचं बरोबर आहे, तिच्या हातात आजारी पोर.  टीव्हीला चार शिव्या दिल्या, त्यात काही राम वाटेना. मग दादांना लावला.

"दादा, ऐकलंत ना? त्यांनी दिला म्हणून मी मत बदलणार नाही. मी अजूनही म्हणतो, भिकार आहे."

पलीकडे तवा सरकवल्याचा आवाज आला. "साईं, मंडळाला आवडला, पुरस्कारवाल्यांना आवडला, आणि आता खुलेआम सांगतो, मला पण आवडला. मग विरोधात कोण राहिलं?"

"मी."

"अजून कोण?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"मग नियम माहीत आहे ना तुला?" दादा म्हणाले. "कधी येतोस जेवायला?"